आमसुलातले आम्ल आणि अंगावरची चरबी

कोकणातल्या माणसाला रातांब्याची ओळख करून द्यायला नको. एप्रिल-मे महिन्यांत झाडावर फळे लाल होतात. ती फोडून गर वेगळा काढतात, सालीला मीठ घातलेल्या रसाचे हात देतात, उन्हात वाळवतात आणि पुन्हा रसात घोळवतात. असे चार-पाच वेळा केले की काळीभोर आमसुले तयार होतात. गोव्यात याच फळाला भिरंड म्हणतात. आमटीत, सोलकढीत, माशाच्या कालवणात आंबटपणासाठी आमसूल पडते. बियांचे घट्ट तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. फळाचा एकही भाग वाया जात नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र या साध्या फळाला एक नवीच ओळख चिकटली आहे : 'चरबी जाळणारे फळ'. त्याच्या कुळातल्या 'गार्सिनिया' या नावाने गोळ्या आणि कॅप्सुले विकली जातात. 'नैसर्गिक', 'वनस्पतिजन्य', 'अपाय नाही' असे शब्द डब्यांवर ठळक छापलेले असतात. मग वर्गातला एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, आमसुलाने खरंच वजन कमी होतं का?" या प्रश्नाला 'हो' म्हणणे चूक आहे, 'सगळे थोतांड आहे' म्हणून तो झटकून टाकणेही चूकच आहे. कारण या दाव्यामागे अस्सल जीवरसायनशास्त्र आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच देशात, म्हैसूरला पार पडला. गडबड झाली ती पुढे. ती कुठे आणि कशी झाली हे समजून घ्यायचे, तर गोष्ट जरा मागून सुरू करायला हवी.

चरबी येते कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रसायनशास्त्रज्ञांत एक मोठा वाद होता. प्राण्याच्या अंगावर चरबी साठते ती येते कुठून? फ्रान्समध्ये द्युमा आणि बुसँगो यांचे म्हणणे असे, की स्निग्ध पदार्थ तयार करण्याचे काम फक्त वनस्पतींचे; प्राणी ते खातात आणि साठवतात. जर्मनीतल्या लीबिगने १८४२ साली याच्या उलट मत मांडले : प्राण्याचे शरीर पिष्ट आणि साखर यांपासून स्वतःच चरबी बनवते. वाद तावातावाने झाला. शेवटी बुसँगोने स्वतः प्राण्यांवर खाऊ घालण्याचे प्रयोग केले आणि लीबिगचे म्हणणे त्याला मान्य करावे लागले. पुढे १८५०च्या दशकात इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी डुकरांवर काळजीपूर्वक मापने केली. खाद्यातून जेवढे स्निग्ध पदार्थ पोटात गेले, त्यापेक्षा कितीतरी जास्त चरबी डुकरांच्या अंगावर चढली होती. म्हणजे बाकीची चरबी पिष्टमय पदार्थांपासूनच तयार झाली असली पाहिजे. साधा ताळेबंदाचा प्रयोग, पण निर्णायक!

आता पुढचा प्रश्न : साखरेची चरबी होते तरी कशी? याचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे गेली. १९३५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शोनहायमर आणि रिटेनबर्ग यांनी जड हायड्रोजनची खूण केलेले स्निग्ध पदार्थ उंदरांना खाऊ घातले. तोवर समज असा होता, की अंगावरची चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्य. दुष्काळ पडला तरच त्याला हात लावायचा. प्रयोगात आढळले ते वेगळेच. साठलेल्या चरबीतही सतत जुने बाहेर, नवे आत अशी उलाढाल चालू असते. दहा वर्षांनी रिटेनबर्ग आणि कॉनराड ब्लॉख यांनी दाखवून दिले, की दोन कार्बन अणूंच्या अॅसिटिक आम्लापासून शरीरात मेदाम्ले तयार होतात. दोन-दोन कार्बनांच्या विटा एकापुढे एक जोडत सोळा-अठरा कार्बनांची साखळी उभी राहते.

पण इथे एक अडचण होती. साखरेचे विघटन होऊन दोन कार्बनांची वीट, म्हणजे अॅसिटिल कोएन्झाइम-ए, तयार होते ती पेशीतल्या तंतुकणिकांच्या आत. मेदाम्ले तयार होतात ती तंतुकणिकांच्या बाहेर, पेशीद्रवात. आणि ही वीट तंतुकणिकेचे आवरण ओलांडू शकत नाही! मग माल कारखान्यापर्यंत पोहोचतो कसा?

तो पोहोचतो वेषांतर करून. अॅसिटिल कोएन्झाइम-एचा दोन कार्बनांचा गट ऑक्झॅलोअॅसिटेटशी जोडला जाऊन सायट्रेट बनते. (लिंबातले सायट्रिक आम्ल ते हेच.) सायट्रेट बाहेर येऊ शकते. बाहेर आल्यावर एक विकर त्याचे पुन्हा तुकडे करते आणि दोन कार्बनांची वीट मोकळी होते. सायट्रेट कापणारी ही अभिक्रिया १९५३ साली पॉल स्रेअर आणि फ्रिट्झ लिपमन यांनी प्रथम नोंदवली. या कामाला एटीपीची ऊर्जा लागते, म्हणून विकराचे नाव पडले एटीपी-सायट्रेट लायेज. आपण त्याला सोयीसाठी 'सायट्रेट-कापे विकर' म्हणू. १९६२ साली अमेरिकेत स्पेन्सर आणि लोवेनस्टाइन यांनी मेदाम्लांना लागणारा कच्चा माल या मार्गाने येतो याचा पुरावा मांडला. परंतु हा मुख्य मार्ग आहे की आडवाट? हे तपासायची एक उत्तम रीत म्हणजे रस्ता अडवून पाहणे. त्यासाठी नेमके त्याच विकराला अडवणारे रसायन हवे होते.

म्हैसूरचा शोध

ते रसायन त्याच सुमारास भारतात, एका अगदी वेगळ्या कामातून, हाती आले होते.

केरळात माशाच्या कालवणात 'कुडंपुळी' नावाचे आंबट, धुरावर वाळवलेले फळ घालतात. कोडगूत त्याच गोत्राच्या फळांपासून 'कचंपुळी' नावाचा काळा, दाट शिरका करतात. हे झाड कोकमाचे सख्खे भावंड. कोकमाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका आणि याचे गार्सिनिया कॅम्बोजिया. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला गार्सिनिया गमी-गट्टा म्हणतात. 'गार्सिनिया' हे नाव ऐकून पुष्कळांना गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता आठवतो. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधिविषयक ग्रंथात भिरंडांचा उल्लेख आहेही. परंतु लिनिअसने या वंशाला नाव दिले ते लोराँ गार्सँ या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून. असो.

या फळातला आंबटपणा कशाचा, याचे उत्तर पूर्वी 'टार्टारिक आणि सायट्रिक आम्लांचा' असे दिले जात असे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी हे उत्तर पुन्हा तपासले. त्यांनी आम्ल वेगळे केले, शुद्ध केले, त्याचे गुणधर्म मोजले. १९६५ साली त्यांनी जाहीर केले, की या फळातले मुख्य आम्ल यांपैकी कोणतेच नाही; ते आहे हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल. वाळलेल्या सालीच्या वजनाच्या दहा ते तीस टक्के इतके ते भरते. कोकमाच्या सालीतले मुख्य आम्लही हेच.

नावावरूनच लक्षात येईल, की सायट्रिक आम्लाच्या रेणूला आणखी एक हायड्रॉक्सिल गट जोडला की हे आम्ल होते. पण हा एक गट वाढल्याने रेणूत दोन असममित कार्बन तयार होतात, आणि त्यामुळे या आम्लाची चार रूपे संभवतात. अणू तेच, जोडणी तीच, फक्त अवकाशातली मांडणी वेगळी. उजव्या आणि डाव्या पायातल्या चपलेसारखी. चारांपैकी दोन रूपे निसर्गात सापडतात. एक गार्सिनियाच्या फळांत आणि दुसरे लाल अंबाडीत. दोन्हीही आंबट, दोन्हीही आपल्या स्वयंपाकघरातली. पण पेशीतली विकरे या दोघांना सारखे मानत नाहीत. गार्सिनियातल्या रूपाची नेमकी रचना पुढे जेनी ग्लस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राने निश्चित केली.

रस्ता अडवला

१९६९ साली वॉटसन, फँग आणि लोवेनस्टाइन यांनी हे आम्ल सायट्रेट-कापे विकराला देऊन पाहिले. हे लोवेनस्टाइन म्हणजे सायट्रेटच्या मार्गाचा माग काढणारे तेच. परिणाम लक्षणीय होता. हायड्रॉक्सीसायट्रेट दिसायला सायट्रेटसारखेच असल्यामुळे विकराच्या खाचेत जाऊन बसते, आणि खुद्द सायट्रेटपेक्षा कितीतरी घट्ट बसते. विकर अडकून पडते. १९७१ साली लोवेनस्टाइन यांनी जिवंत उंदरांच्या यकृतातही हे आम्ल दिल्यावर मेदाम्लांची निर्मिती मंदावते असे दाखवले.

लक्षात घ्या, हे आम्ल विज्ञानाच्या दाराशी आले ते औषध म्हणून नव्हे, तर हत्यार म्हणून. पेशीतला एक मार्ग बंद केला तर काय होते, हे पाहण्याचे ते साधन होते. साधन म्हणून ते उत्तम ठरले, आणि आजही प्रयोगशाळांत वापरले जाते.

परंतु मनात पुढचा विचार येणे स्वाभाविकच होते. चरबी बनण्याचा रस्ता बंद करणारे रसायन खाण्याच्या फळातच सापडते; मग लठ्ठपणावर उपाय हाती लागला की! तर्काला आणखी एक जोड १९७७ साली मिळाली. मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी दाखवले, की चरबी तयार होताना मधल्या टप्प्यावर बनणारे मॅलोनिल कोएन्झाइम-ए हे चरबी जाळण्याच्या मार्गावर फाटक लावते. यात शरीराचा शहाणपणाच आहे. एकाच वेळी बांधकाम आणि पाडकाम कशाला? म्हणजे सायट्रेट-कापे विकर अडवले, तर चरबी बनणे कमी होईल आणि फाटक उघडल्याने चरबी जळणे वाढेल. कागदावर तर हा दुहेरी फायदा होता.

उंदरांनी काय सांगितले?

हॉफमन-ला रोश या औषधकंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत अॅन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात यावर चिकाटीने काम केले. उंदरांना हे आम्ल तोंडावाटे दिले. त्यांचे वजन कमी वाढले, अंगातली एकूण चरबीही कमी भरली. झाले, सिद्ध झाले! असे आपल्याला वाटेल. संशोधक मात्र तिथे थांबले नाहीत. त्यांच्या लक्षात आले, की हे आम्ल मिळालेले उंदीर मुळात खातच कमी आहेत. मग चरबी घटली ती विकर अडल्यामुळे, की पोटात कमी गेल्यामुळे?

हे ठरवण्यासाठी त्यांनी 'जोडीने खाऊ घालण्याची' पद्धत वापरली. आम्ल मिळालेला उंदीर रोज जेवढे खाईल, नेमके तेवढेच खाद्य आम्ल न मिळालेल्या जोडीदाराला द्यायचे. दोन्ही गटांतला फरक फक्त आम्लाचा राहिला. निकाल असा, की वजनातली आणि चरबीतली जी घट दिसत होती तिचा उलगडा कमी खाण्यानेच होत होता. १९८१ साली आनुवंशिक लठ्ठ असलेल्या झुकर जातीच्या उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांचे वजन आम्लाने घटले, पण शरीरातले चरबीचे शेकडा प्रमाण होते तेवढेच राहिले.

आमच्या मते या साऱ्या कहाणीत शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे सर्वांत आधी ठेवावा असा प्रयोग कोणता, तर हा जोडीने खाऊ घालण्याचा. मनासारखा निकाल हाती आला असताना 'याचे दुसरे काही कारण असेल का?' असे स्वतःलाच विचारणे, हा विज्ञानाचा गाभा त्यात उघड दिसतो.

माणसांची पाळी

औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत जे औषध झाले नाही, ते बाजारात मात्र 'पूरक आहार' म्हणून उतरले. अमेरिकेत १९९४ साली झालेल्या कायद्यामुळे पूरक आहार विकण्यापूर्वी त्याचा गुण सिद्ध करून मंजुरी घेण्याची गरज उरली नाही. गार्सिनियाच्या अर्काचा खप वाढू लागला. तेव्हा न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील लठ्ठपणा संशोधन केंद्रात हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी काटेकोर चाचणी घेतली. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. १३५ जादा वजनाच्या व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. सर्वांना कमी उष्मांकांचा, तंतुमय आहार दिला. एका गटाला रोज दीड ग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल मिळेल इतका अर्क. दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळते हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

बारा आठवड्यांनंतर अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले. वा! पण थांबा. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांचे घटले ४.१ किलो. दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता; तो योगायोगानेही पडू शकला असता. म्हणजे वजन घटवले ते आहाराने. आम्लाने काही भर घातली नाही.

आता कल्पना करा, की एखाद्या जाहिरातीत फक्त पहिलाच आकडा छापला : 'बारा आठवड्यांत ३.२ किलो वजन घटले!' या वाक्यात एक अक्षरही खोटे नाही. तरीही ते वाचणाऱ्याची पूर्ण फसवणूक करते. तुलनेचा गट लपवला की खऱ्या आकड्यातूनही खोटा निष्कर्ष निघतो.

त्यानंतरही चाचण्या झाल्या. २००० साली हॉलंडमध्ये सायकलपटूंना हे आम्ल देऊन पाहिले. ते रक्तात पोहोचले, पण विश्रांतीतही आणि व्यायामातही चरबी जळण्याचे प्रमाण वाढले नाही. २०११ साली ओनाक्पोया आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध चाचण्यांचे एकत्रित गणित मांडले. सरासरी फायदा निघाला ०.८८ किलोचा, तोही अल्पकाळाचा आणि संख्याशास्त्राच्या सीमारेषेवरचा. व्यवहारात याला कितपत अर्थ आहे, याबद्दल त्यांनीच शंका व्यक्त केली.

तर्क बरोबर, मग फसला कुठे?

विकर खरे, त्याला अडवणे खरे, उंदरांतला परिणामही खरा. मग माणसात का नाही?

पहिले कारण : उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या खाद्यात पिष्टमय पदार्थ भरपूर आणि स्निग्ध पदार्थ थोडे असतात, आणि त्याचे यकृत साखरेपासून चरबी बनवण्यात तरबेज असते. माणसाच्या नेहमीच्या आहारात तेल, तूप, खोबरे, शेंगदाणे असतातच. हे स्निग्ध पदार्थ पचून जवळजवळ थेट चरबीच्या पेशींत जाऊन बसतात. त्यांना सायट्रेटच्या रस्त्याने जावे लागतच नाही. ज्या रस्त्याने रहदारी थोडी, तिथे नाका लावून काय मिळणार?

किती थोडी? स्वित्झर्लंडमध्ये अॅकेसन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणांना अनेक दिवस प्रमाणाबाहेर पिष्टमय आहार दिला. आढळले असे, की शरीर आधी ती साखर ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत भरते. दर किलो वजनामागे सुमारे १५ ग्रॅमपर्यंत. हे कोठार तुडुंब भरल्यावरच साखरेपासून चरबी मोठ्या प्रमाणावर बनू लागते. साठ किलोच्या माणसाचे हे कोठार जवळजवळ ९०० ग्रॅमचे झाले. रोजच्या जेवणात ते भरत नाही.

इथे विद्यार्थी हमखास विचारील : मग भात-साखर जास्त खाल्ल्याने माणूस लठ्ठ कसा होतो? होतो, पण वेगळ्या मार्गाने. शरीराला साखर मुबलक मिळाली की ते इंधन म्हणून आधी साखरच जाळते आणि त्याच जेवणातले तेल-तूप बाजूला ठेवते. साखरेची चरबी झाली नाही, तरी चरबी शिल्लक पडली! विकर अडवून हे थांबत नाही.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. जो माणूस वजन उतरवण्यासाठी मोजून जेवतो, त्याचे शरीर तेव्हा चरबी बनवतच नसते. असलेली वापरत असते. बंद पडलेला कारखाना बंद करण्याची गोळी घेऊन काय साधणार? काही टीकाकारांनी १९९८च्या चाचणीतला आहार तंतुमय आणि कमी उष्मांकांचा होता म्हणून आम्लाचा गुण दिसला नाही, असा आक्षेप घेतला होता. आक्षेपात तथ्य असू शकेल. पण 'कमी खाताना चालत नाही' असे वजन घटवण्याचे औषध काय कामाचे?

तिसरे, पेशीत मार्ग क्वचितच एकटा असतो. सायट्रेटचा रस्ता अडला, तर पेशी अॅसिटेटपासूनही दोन कार्बनांची वीट तयार करू शकते. नदीला बांध घातला की पाणी दुसरीकडून वाट काढते, तसेच.

यकृताची तक्रार

गुण नाही तर नाही, अपाय तर नाही ना? असे म्हणून प्रश्न सोडून देता आला असता. पण तसे झाले नाही.

२००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'हायड्रॉक्सीकट' या वजन घटवण्याच्या उत्पादनाविरुद्ध इशारा दिला. कावीळ ते यकृत निकामी होण्यापर्यंतच्या २३ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांत एक मृत्यू होता. उत्पादन बाजारातून परत घेण्यात आले. त्याच्या काही प्रकारांत गार्सिनियाचा अर्क होता. मात्र इतरही अनेक घटक असल्याने दोष कोणाचा हे निश्चित सांगता येत नव्हते. पुढे २०२२ साली औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी गार्सिनियाशी निगडित अशा २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच जणांनी गार्सिनियाचीच उत्पादने घेतली होती, सोळा जणांच्या गोळ्यांत ग्रीन टीचा अर्कही होता, तर एकाच्या गोळ्यांत अश्वगंधा. पुष्कळ रुग्णांत विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. म्हणजे हा त्रास सर्वांना होत नाही. पण कोणाला होईल हे गोळी घेणाऱ्याला आधी कळत नाही. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ साली गार्सिनिया कॅम्बोजियाची पूरक उत्पादने घेऊ नयेत असा सल्ला दिला.

म्हणून आमसूल टाकून द्यायचे का? अजिबात नाही. या तक्रारी आहेत त्या संहत अर्काच्या गोळ्यांबद्दल, महिनोन्‌महिने रोज घेतलेल्या. चौघांच्या आमटीत पडलेल्या चार आमसुलांबद्दल नाहीत. अन्न आणि अर्क यांत मात्रेचा फरक असतो, आणि विषाची परीक्षा मात्रेनेच होते. 'नैसर्गिक' हा शब्द पदार्थ कुठून आला एवढेच सांगतो. तो किती घ्यावा, कोणी घ्यावा, चालतो की नाही, यांतले काहीच सांगत नाही. उलट वजन घटेल म्हणून मूठभर आमसुले रोज खाणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे, की त्यांबरोबर मीठही पोटात जाते आहे.

विकर तेच, काम दुसरे

गोष्ट इथे संपली असती तर ती केवळ एका फसलेल्या आशेची ठरली असती. पण सायट्रेट-कापे विकर विस्मरणात गेले नाही. त्यातून मोकळी होणारी दोन कार्बनांची वीट फक्त मेदाम्लांना लागत नाही, कोलेस्टेरॉललाही लागते. आणि कोलेस्टेरॉलच्या बाबतीत माणसाचे यकृत आळशी नाही. ते रोज बनवतच असते. म्हणजे या कामासाठी तो रस्ता रहदारीचा!

बेम्पेडोइक आम्ल नावाचे, प्रयोगशाळेत घडवलेले औषध नेमके याच विकराला अडवते. ते यकृतात गेल्यावरच कार्यक्षम होते. स्नायूंत ते कार्यक्षम करणारे विकर नसते. स्टॅटिन गटातल्या औषधांनी ज्यांचे स्नायू दुखतात अशांना त्यामुळे ते उपयोगी पडते. २०२० साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, १३,९७० रुग्णांवरच्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यासारख्या गंभीर घटनांचे प्रमाण त्याने सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हे औषध कोकमापासून काढलेले नाही आणि वजन घटवण्यासाठीही नाही. पण १९६९ साली एका फळातल्या आम्लाने ज्या विकरावर बोट ठेवले, त्याच विकरावर ते काम करते. मूलभूत संशोधनाचे फळ असे कुठून आणि केव्हा हाती येईल, याचा नेम नसतो.

वर्गात काय करता येईल?

या लेखाचा वर्गात उपयोग तीन प्रकारे करता येईल. पहिला अगदी सोपा : आमसुले पाण्यात भिजवून लाल पाणी गाळून घ्या आणि त्यात चिमूट चिमूट खाण्याचा सोडा टाका. फसफस होईल, कारण आम्ल आहे. आणि रंग पालटेल, कारण सालीतली अँथोसायनिन रंगद्रव्ये दर्शकाचे काम करतात. घरातल्या वस्तूत आम्लही आहे आणि दर्शकही आहे, याची मुलांना गंमत वाटेल.

दुसरा : फळ्यावर फक्त '३.२ किलो' एवढाच आकडा लिहा आणि 'गोळी गुणकारी आहे का?' यावर मुलांची मते घ्या. मग शेजारी '४.१ किलो' लिहा आणि मते पुन्हा घ्या. मते का बदलली, हे मुलांनाच सांगू द्या.

तिसरा : मुलांना घरी येणाऱ्या वर्तमानपत्रांतून आरोग्याच्या जाहिराती आणायला सांगा. प्रत्येकीपुढे तीन प्रश्न ठेवा. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? तुलनेचा गट होता का? फरक किती आणि किती दिवसांचा? बहुतेक जाहिराती पहिल्याच प्रश्नाला अडखळतील.

सोलकढी मात्र जेवणानंतर अवश्य प्यावी. ती चवीसाठी प्यावी. चरबीचा हिशेब तिच्या माथी मारू नये.